प्रतिमा-विश्लेषणाचं सॉफ्टवेअर मोफत वाटायचंय? परवान्यापासून डीओआयपर्यंतची वाट

संशोधनासाठी लिहिलेले बरेचसे प्रोग्राम एकाच जागी अडकतात. कोड चांगला चालतो, शोधनिबंधात त्याचा उल्लेख असतो, गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर तो सगळ्यांना दिसतोही. फक्त त्याला परवाना, म्हणजे इतरांनी तो कोणत्या अटींवर वापरायचा हे सांगणारा मजकूर, नसतो. लिहिणाऱ्याला वाटतं, मी तर सगळ्यांसाठीच ठेवलाय. कायद्याच्या नजरेत मात्र तो इतर कुणासाठीच नसतो. बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारानुसार लेखकाचा हक्क कोड लिहिला त्या क्षणी आपोआप लागू होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. परवाना नसलेला कोड गिटहबच्या अटींमुळे तिथल्या तिथे बघता येतो, फोर्क करता येतो, म्हणजे आपल्या खात्यात त्याची प्रत घेता येते. पण बदल करून पुढे वाटणं किंवा आपल्या पॅकेजमध्ये घालणं निर्धास्तपणे करता येत नाही. दुसऱ्या गटातला एखादा विद्यार्थी मग तेच काम पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसतो. हे मला फार वाईट वाटतं, म्हणून हा लेख.

सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांमधल्या पेशी मोजणारी साधनं लिहिणाऱ्या गटात काम करताना ही सगळी वाट मी चालले आहे. त्यात अवघड असं थोडंच आहे, पण क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण परवाना निवडण्यापासून सुरुवात करतात. खरं तर तो तिसरा प्रश्न. देण्याचा हक्क कुणाचा, हा पहिला. आत कुणाकुणाचा कोड आहे, हा दुसरा.

सुरू करण्याआधी एवढं जमवून ठेवा:

- तुमचा नोकरीचा किंवा फेलोशिपचा करार, आणि संस्थेचं बौद्धिक संपदा धोरण
- संशोधन अनुदानाचं पत्र, त्यातल्या सॉफ्टवेअर आणि डेटाविषयीच्या अटींसह
- ज्यांनी ज्यांनी कोड लिहिला त्यांची यादी. प्रकल्प सोडून गेलेलेही धरायचे
- वापरलेल्या सगळ्या लायब्ररींची (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडसंचांची) नावं आणि त्यांच्या आवृत्त्या
- नमुन्याच्या प्रतिमा कुठून आल्या, कुणाच्या परवानगीने आल्या, याची नोंद
- गिटहब किंवा गिटलॅबवर खातं, झेनोडोवर (डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक देणाऱ्या संग्रहालयात) खातं, आणि असल्यास ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा ओळख-क्रमांक

१. हक्क कुणाचा, ते आधी विचारा

पगारावर असताना लिहिलेला कोड बऱ्याच ठिकाणी संस्थेच्या मालकीचा ठरतो. विद्यार्थ्यांसाठी अनेक संस्थांत वेगळा नियम असतो, आणि अनुदान देणाऱ्याची तिसरीच अट असू शकते. त्यामुळे अंदाज न बांधता संस्थेच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयाला लिहा. तसं कार्यालय नसेल तर विभागप्रमुखांना लिहा. पत्र लहान ठेवा: प्रोग्रामचं नाव, तो काय करतो, कुणी लिहिला, पैसे कुठून आले, कोणता परवाना द्यायचाय. शेवटी एक स्पष्ट वाक्य असावं, 'हा प्रोग्राम वरील परवान्याखाली प्रकाशित करण्यास संस्थेची हरकत नाही, याची कृपया लेखी पुष्टी द्यावी.' तोंडी होकारावर थांबू नका. होकार देणारी व्यक्ती उद्या त्या खुर्चीत नसेल.

याच पत्रात पेटंटचा प्रश्नही निकाली काढा. तुमच्या पद्धतीत पेटंट घेण्याजोगं काही असेल आणि संस्थेला ते घ्यायचं असेल, तर कोड आधी उघड केल्याने अनेक देशांत तो हक्क जातो. पेटंट घ्यायचं नसेल तर तसं लिहून घ्या आणि पुढे चला.

इथे एक गैरसमज वारंवार भेटतो: 'इमेजजेसारखं आमचंही पब्लिक डोमेन.' इमेजजे हे प्रतिमा-विश्लेषणाचं सॉफ्टवेअर वेन रासबँड यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे एनआयएचमध्ये, १९९७ पासून घडवलं. अमेरिकी संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाला त्या देशात कॉपीराइट लागत नाही, म्हणून ते पब्लिक डोमेनमध्ये, म्हणजे कुणाच्याच कॉपीराइटशिवाय, आहे. तुमची परिस्थिती तशी नसेल तर रीडमीमध्ये (प्रोग्रामची ओळख करून देणाऱ्या फाइलीत) 'पब्लिक डोमेन' असे दोन शब्द लिहून भागत नाही. काही देशांच्या कायद्यात लेखकाला आपला हक्क असा पूर्ण सोडून देताच येत नाही. साधा, मोकळा परवाना देणं हाच खात्रीचा मार्ग.

२. आत कुणाकुणाचा कोड आहे, त्याची यादी करा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. तुम्ही लिहिलेल्या पाचशे ओळींखाली इतरांच्या लाखो ओळी असतात, आणि त्यांचे परवाने तुमच्या निवडीवर मर्यादा घालतात.

पायथनमध्ये 'पिप-लायसन्सेस' हे साधन बसवलेल्या प्रत्येक पॅकेजचा परवाना एका तक्त्यात दाखवतं. जावासाठी मेव्हनचं लायसन्स प्लगइन आहे. पण साधनाने दिलेल्या यादीवर पूर्ण विसंबू नका. पॅकेजच्या लेखकाने माहितीत जे भरलंय तेवढंच ते साधन वाचतं. महत्त्वाच्या चार-पाच लायब्ररींची परवान्याची फाइल स्वतः उघडून बघा.

प्रतिमा-विश्लेषणात नेहमी अडवणाऱ्या जागा या:

बायो-फॉरमॅट्स. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या फाइली उघडायला जवळपास सगळे हीच लायब्ररी वापरतात. तिचा ओएमई-टिफसारखे खुले प्रकार वाचणारा भाग बीएसडी या मोकळ्या परवान्याखाली आहे, पण कंपन्यांचे फाइल-प्रकार वाचणारे बहुतेक भाग जीपीएलखाली, म्हणजे पुढे वाटताना सोर्स कोडही द्यायला लावणाऱ्या परवान्याखाली, आहेत. ते भाग सोबत बांधून दिलेत तर तुमचं संपूर्ण वितरण जीपीएलच्या अटींवर द्यावं लागतं.

एफएफटीडब्ल्यू. फूरियर रूपांतरासाठी वेगवान आणि सुंदर लायब्ररी, पण जीपीएल. तिला पायथनमधून हाक मारणारं वरचं आवरण बीएसडी असल्यामुळे पुष्कळांची फसगत होते. आवरणाचा परवाना आतल्या लायब्ररीला लागू होत नाही. हे अडचणीचं वाटत असेल तर सायपायमधलं फूरियर रूपांतर वापरा. ते बीएसडी आहे.

पायक्यूटी. खिडक्या आणि बटणं बनवायला हे घेतलंत तर जीपीएल ३ किंवा विकत घेतलेला परवाना, एवढेच दोन पर्याय उरतात. पायसाइड जवळपास तेच काम एलजीपीएल या जीपीएलहून सैल परवान्याखाली करतं. सुरुवातीलाच पायसाइड घेतलं की पुढचा बराच घोळ टळतो.

अल्ट्रालिटिक्सची योलो मॉडेलं. वस्तू ओळखायला ती पटकन हाताशी येतात, पण ती एजीपीएल ३ खाली आहेत. एजीपीएलमध्ये बदल केलेला प्रोग्राम नुसता सर्व्हरवर ठेवून लोकांना वापरायला दिला तरी त्यांना सोर्स कोड देण्याची जबाबदारी येते.

इंटरनेटवरून उचललेले तुकडे. स्टॅक ओव्हरफ्लोवरची उत्तरं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'बाय-एसए' परवान्याखाली असतात, म्हणजे श्रेय द्यायला हवं आणि तोच परवाना पुढे चालवायला हवा. पाठ्यपुस्तकांत छापलेल्या कोडच्या अटी याहून कडक असू शकतात. दहा ओळींसाठी वाद ओढवून घेण्यापेक्षा कल्पना समजून घ्या आणि कोड स्वतः लिहा.

एक जोडी लक्षात ठेवा: अपाचे २ हा मोकळा परवाना आणि 'फक्त जीपीएल २' एकत्र बांधता येत नाहीत. वैद्यकीय प्रतिमांसाठीची आयटीके लायब्ररी चौथ्या आवृत्तीपासून अपाचे २ खाली आहे. तिच्या शेजारी 'फक्त जीपीएल २'वाली एखादी जुनी लायब्ररी बसवलीत तर ते वितरण कायदेशीर ठरत नाही. जुन्या लायब्ररीवर 'जीपीएल २ किंवा त्यानंतरची आवृत्ती' असं लिहिलेलं असेल तर तुम्ही जीपीएल ३ घेऊ शकता, आणि जीपीएल ३ अपाचेशी जुळतो. 'किंवा त्यानंतरची' या शब्दांवर सगळं ठरतं, म्हणून ते आहेत की नाहीत हे डोळ्यांनी बघा.

३. आता परवाना निवडा

नवा परवाना स्वतः लिहू नका. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने मान्य केलेल्या यादीतून एक उचला. व्यवहारात तीन घराणी पुरतात.

पहिलं, मोकळे परवाने: एमआयटी आणि बीएसडी. श्रेयाची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा, मग काहीही करा. सायकिट-इमेज, नापारी, सेलपोज, स्टारडिस्ट हे सगळे बीएसडी ३-कलमी परवान्याखाली आहेत. त्यातलं तिसरं कलम सांगतं की लेखकाचं किंवा संस्थेचं नाव परवानगीशिवाय जाहिरातीसाठी वापरायचं नाही. संस्थांना हे कलम आवडतं, आणि त्यामुळे पहिल्या पायरीतला होकार मिळणं सोपं जातं.

दुसरं, अपाचे २. हाही मोकळाच, पण यात कोड देणारा आपल्या संबंधित पेटंटच्या वापराचीही परवानगी देतो. ओपनसीव्ही ही प्रतिमांसाठीची मोठी लायब्ररी ४.५.० आवृत्तीपासून, २०२० साली, बीएसडीवरून अपाचे २ वर आली. पेटंटचं महत्त्व समजायला प्रतिमांतले ठळक बिंदू शोधणाऱ्या सिफ्ट या पद्धतीचं उदाहरण बघा. ओपनसीव्हीतला तिचा कोड उघड होता, तरी पद्धतीवर पेटंट असल्याने तो वेगळ्या, 'नॉन-फ्री' विभागात ठेवावा लागला. २०२० मध्ये पेटंटची मुदत संपली, तेव्हाच तो मुख्य लायब्ररीत आला.

तिसरं, जीपीएल. तुमचा कोड घालून कुणी पुढे प्रोग्राम वाटला तर तोही जीपीएलखाली, सोर्स कोडसकट द्यायला हवा. क्यूपाथ आणि आयसी ही प्रतिमा-विश्लेषणाची साधनं जीपीएल ३ खाली आहेत; फिजीचं, म्हणजे प्लगइनांसकट येणाऱ्या इमेजजेचं, वितरणही जीपीएलखाली येतं.

जीपीएलविषयी भीती खूप आणि माहिती कमी, म्हणून थोडं थांबून सांगते. जीपीएल प्रोग्रामने मोजलेले आकडे, रंगवलेल्या प्रतिमा, काढलेले आलेख तुमचेच राहतात. त्यांना जीपीएल लागत नाही. संस्थेतल्या संस्थेत बदल करून वापरलात तर काहीही प्रसिद्ध करावं लागत नाही. जीपीएल प्रोग्राम विकताही येतो. अट लागू होते ती तुम्ही प्रोग्राम दुसऱ्याला देता तेव्हा.

मग घ्यायचा कोणता? दुसऱ्या पायरीत जीपीएल लायब्ररी टाळता येणार नसेल तर प्रश्न मिटला, जीपीएलच घ्या. मोकळीक असेल तर माझा कल बीएसडी ३-कलमीकडे आहे. पायथनमधलं वैज्ञानिक जग बहुतांशी त्यावर उभं आहे, आणि तुमचं फंक्शन उद्या सायकिट-इमेजसारख्या मोठ्या लायब्ररीत जायचं असेल तर वाट खुली राहते. सेलप्रोफायलर आधी जीपीएलखाली होतं, नंतर बीएसडीवर आलं. पण तुमचं काम बंद दाराआड जाऊ नये असं मनापासून वाटत असेल तर जीपीएल ३ घ्या, तो पूर्ण सन्माननीय निर्णय आहे.

या तीन मोहांपासून दूर राहा.

'फक्त बिगर-व्यावसायिक वापरासाठी.' ऐकायला रास्त वाटतं, पण रुग्णांकडून शुल्क घेणारं रुग्णालय यात बसतं का? दुसऱ्या गटांकडून तासाचे पैसे घेणारं विद्यापीठाचं सूक्ष्मदर्शक केंद्र बसतं का? कुणालाच ठाम सांगता येत नाही, आणि सावध संस्था तुमचा प्रोग्राम बसवतच नाहीत. शिवाय अशी अट असलेला प्रोग्राम ओपन सोर्सच्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअरसारखं नियतकालिकही तो घेत नाही.

'वापरल्यास आमचा निबंध उद्धृत करणं बंधनकारक.' श्रेय हवंच, पण ते परवान्याची अट म्हणून मागू नका. जीपीएलमध्ये तर अशी जादा अट घालायला मनाईच आहे. त्यासाठीची योग्य जागा सातव्या पायरीत आहे.

क्रिएटिव्ह कॉमन्स. प्रतिमा, दस्तऐवज, शिकवणीचे व्हिडिओ यांना उत्तम; कोडला नको. खुद्द क्रिएटिव्ह कॉमन्स संस्थाच सॉफ्टवेअरसाठी आपले परवाने वापरू नका असं सांगते.

परवान्याच्या अटींना कोर्टात कोण विचारतो, असं कुणी म्हणालं तर अमेरिकेतला जेकब्सन विरुद्ध कॅट्झर हा २००८ चा निकाल दाखवा. मॉडेल रेल्वे चालवणाऱ्या एका ओपन सोर्स प्रोग्रामचं ते प्रकरण होतं. अपील न्यायालयाने म्हटलं की अशा परवान्याच्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो.

४. परवाना योग्य जागी लिहा

हे पंधरा मिनिटांचं काम आहे. रिपॉझिटरीच्या, म्हणजे प्रकल्पाच्या कोड-साठ्याच्या, सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये 'लायसन्स' नावाची साधी मजकूर फाइल ठेवा आणि तिच्यात परवान्याचा पूर्ण मजकूर जसाच्या तसा टाका. एमआयटी आणि बीएसडीत वर्ष आणि हक्कधारकाचं नाव भरायचं असतं. ते नाव पहिल्या पायरीत जे ठरलं तेच, सवयीने स्वतःचं नव्हे. प्रत्येक कोड-फाइलच्या डोक्यावर एसपीडीएक्स पद्धतीची, म्हणजे परवान्याचं ठरीव लघुनाव सांगणारी, एक ओळ द्या, म्हणजे ती फाइल एकटी कुठे गेली तरी तिचा परवाना सोबत जातो. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपचं 'रीयूज' हे साधन या ओळी राहिल्यात का ते तपासून देतं.

सापळा असा की रीडमी म्हणते एमआयटी, लायसन्स फाइल म्हणते जीपीएल, आणि पॅकेजच्या माहितीत राहिलेलं असतं बीएसडी. तिन्ही जागा एकदा शेजारी शेजारी उघडून जुळवा.

'निदानासाठी वापरू नका, फक्त संशोधनासाठी' ही सूचना द्यायची असेल तर ती रीडमीत ठळकपणे द्या. परवान्याच्या मजकुरात घुसडू नका.

५. नमुना प्रतिमा आणि शिकवलेली मॉडेलं

कोडचा परवाना प्रतिमांना आपोआप लावू नका. प्रतिमांसाठी वेगळं फोल्डर करा आणि त्यात वेगळा परवाना ठेवा. क्रिएटिव्ह कॉमन्सचे सीसी-झीरो (हक्क सोडून देणारा) किंवा सीसी-बाय ४.० (फक्त श्रेय मागणारा) चांगले. प्रतिमा दुसऱ्या गटाने दिलेल्या असतील तर त्यांची लेखी परवानगी जोडा. शिकवलेल्या मॉडेलच्या फाइलींनाही परवाना लिहून द्या आणि ते कोणत्या प्रतिमांवर शिकवलं ते सांगा. त्या प्रतिमांच्या अटी 'फक्त संशोधनासाठी' असतील तर तेही लपवू नका.

रुग्णांच्या प्रतिमांबाबत मात्र अतिशय काटेकोर राहा. इथली चूक दुसऱ्या माणसाला भोवते. डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या फाइलच्या शीर्षभागात रुग्णाचं नाव, जन्मतारीख, रुग्णालयाचा क्रमांक असतो. अल्ट्रासाउंडसारख्या प्रतिमांत तर नाव चित्रातच उमटलेलं असतं, त्यामुळे शीर्षभाग पुसून भागत नाही. संपूर्ण काचपट्टी स्कॅन केलेल्या फाइलींत मुख्य प्रतिमेबरोबर काचेवरच्या चिठ्ठीचा फोटोही दडलेला असतो. डोक्याच्या एमआरआयवरून चेहऱ्याची ठेवण पुन्हा उभी करता येते; म्हणून चेहऱ्याचा भाग काढणारं साधन चालवावं लागतं. रुग्णाची संमती आणि नैतिकता समितीची परवानगी जाहीर प्रसिद्धीपुरती आहे का, तेही बघा.

अशी फाइल एकदा गिटमध्ये गेली की नंतर नुसती पुसून उपयोग नाही. जुन्या इतिहासात ती राहते. म्हणून खासगी रिपॉझिटरी सार्वजनिक करण्याआधी संपूर्ण इतिहास चाळा. शंका आली तर इतिहास मागे सोडून, स्वच्छ प्रतीने नवी रिपॉझिटरी सुरू करा.

६. दुसऱ्याच्या यंत्रावर चालवून मग वाटा

फिजीसाठी प्लगइन असेल तर अपडेट साइट, पायथन असेल तर पायपीआय आणि कॉन्डा-फोर्ज ही पॅकेजांची भांडारं. मॅटलॅबमध्ये लिहिलं असेल तर संकलित प्रोग्राम मोफत मिळणाऱ्या मॅटलॅब रनटाइमवर चालतो. मात्र टूलबॉक्सच्या मूळ फाइली उचलून सोबत देऊ नका. इन्स्टॉलर बनवत असाल तर आत बांधलेल्या प्रत्येक लायब्ररीच्या परवान्याचा मजकूर एका फोल्डरमध्ये द्या. बीएसडी तयार प्रोग्रामच्या वितरणातही ती मागणी करतो, आणि हे हमखास राहून जातं.

एक नमुना प्रतिमा आणि तिचं अपेक्षित उत्तर, जसं की किती केंद्रकं सापडायला हवीत, हे नक्की द्या. वापरणाऱ्याला सगळ्यात आधी तेवढंच तपासायचं असतं.

७. डीओआय घ्या आणि श्रेय मागा

झेनोडो हे सर्न चालवत असलेलं, २०१३ पासूनचं मोफत संग्रहालय. गिटहबशी ते जोडता येतं. क्रम मात्र पाळा: आधी झेनोडोवर तुमच्या रिपॉझिटरीची कळ चालू करा, मग गिटहबवर आवृत्ती प्रसिद्ध करा. उलटं केलंत तर ती आधीची आवृत्ती आपोआप जतन होत नाही. झेनोडो दोन प्रकारचे डीओआय क्रमांक देतं, एक सगळ्या आवृत्त्यांचा मिळून आणि एक त्या त्या आवृत्तीचा. निबंधाच्या पद्धती विभागात आवृत्तीचाच क्रमांक द्या, नाहीतर वाचकाला तेच आकडे पुन्हा काढता येत नाहीत.

श्रेयासाठी 'सायटेशन डॉट सीएफएफ' नावाची फाइल ठेवा. लेखक, शीर्षक, आवृत्ती, डीओआय एवढं तिच्यात भरलं की गिटहब उजवीकडे उद्धृत करण्याचं बटण दाखवतं. २०२१ पासून ही सोय आहे. उद्धरण तयार मिळालं की लोक ते देतात, असा माझा अनुभव आहे.

८. बाहेरून कोड येऊ लागला की

कुणी सुधारणा पाठवली तर तिचा हक्क पाठवणाऱ्याकडेच राहतो. तुम्हाला मिळतो तो वापरण्याचा परवाना. योगदानाच्या सूचनांमध्ये एक वाक्य लिहा की पाठवलेला कोड प्रकल्पाच्याच परवान्याखाली येईल. लिनक्समध्ये २००४ पासून वापरात असलेलं 'डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन' लहान प्रकल्पांनाही सोयीचं आहे: पाठवणारा प्रत्येक कमिटवर, म्हणजे नोंदवलेल्या बदलावर, सही करतो की हा कोड देण्याचा मला हक्क आहे.

परवाना पुढे बदलायचा झाला तर सगळ्या हक्कधारकांची संमती लागते. चार जण असताना हे चार ईमेलचं काम असतं. चाळीस झाले की काहींचे पत्तेही सापडत नाहीत आणि त्यांचा भाग नव्याने लिहावा लागतो. बदल फक्त पुढच्या आवृत्त्यांना लागू होतो. आधी दिलेल्या आवृत्त्या जुन्याच परवान्याखाली राहतात, त्या कुणाकडून परत घेता येत नाहीत. कोणत्या आवृत्तीपासून काय बदललं ते बदलांच्या नोंदीत लिहा, आणि संमतीचे ईमेल संस्थेच्या पहिल्या पत्राशेजारी ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर प्रकल्प सांभाळणाऱ्याला ते सापडतील.